सीट बदलता का?

गेल्या महिन्यात आईला घेऊन दिल्लीला गेलो होतो. ताई गुरुग्रामला असते, तिच्याकडे. आईचा हा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे आमच्या मस्तगडात गल्लीभर बातमी. लोणच्याची बरणी विमानात नेऊ देतात का, यावर दोन दिवस चर्चा. चिकलठाण्याचा विमानतळ आहे जालना रोडवरच. म्हणजे एसटीच्या खिडकीतून त्याची भिंत आम्ही जालनेकरांनी शेकडो वेळा पाहिलेली, भिंतीच्या आत जायची वेळ मात्र क्वचित. तर आईची एकच इच्छा होती. दौलताबादचा किल्ला वरून कसा दिसतो ते बघायचं. आता विमान त्या बाजूने जातं की नाही हे मला काही माहीत नव्हतं, पण "बघू की" म्हणालो आणि जास्तीचे पैसे भरून तिच्यासाठी खिडकीची सीट घेतली. १४ए तिची आणि १४सी माझी. मधली १४बी मुद्दाम सोडली. मधली सीट आपण होऊन कोणी घेत नाही, रिकामी राहील, ऐसपैस बसू, असा हिशोब. आयटीवाले ना आम्ही, सिस्टीमला गंडवल्याशिवाय चैन पडत नाही :)

१४बीवर एक बाई आल्या. हिशोब चुकला. पाठोपाठ त्यांचे मिस्टर आले, तिशी-पस्तिशीचे, कानात ते पांढरे बोंडूक. त्यांची सीट २६ई, म्हणजे पार मागे आणि तीही मधली. ते माझ्या डोक्यावरून थेट आईला म्हणाले, "काकू, जरा मागे बसता का? आम्हाला एकत्र बसायचंय."

मी तोंड उघडेपर्यंत आई उठलीसुद्धा होती.

खरं सांगतो, मला काही सुचलंच नाही. मागे लोक रांगेत ताटकळलेले, वरच्या कप्प्यांत बॅगा कोंबणं चालू. "अगं थांब, मी जातो" असं मी म्हणालो, पण ते म्हणेपर्यंत ती पिशवी घेऊन माझे गुडघे ओलांडत होती. "बस तू, तुझं काम आहे ना. दोन तासांचा तर प्रश्न, कामून वाद घालायचा?" असं म्हणून गेलीसुद्धा. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता, हे खरं. त्यात काहीही महत्त्वाचं नव्हतं, हेही तितकंच खरं.

ते गृहस्थ खिडकीशी बसले, काचेवरचं झाकण खाली ओढलं आणि झोपले.

दिल्लीला उतरल्यावर ताईने विचारलं, "कसं वाटलं गं विमान?" आई म्हणाली, "छान आहे की. एसटीपेक्षा बरं. दिसलं नाही काही, पण छान आहे."

तर मंडळी, हे "दिसलं नाही काही" मला महिनाभर चावतंय. म्हणून आजचा शनिवार या विषयाला.

आधी स्वतःच्या बाजूने कबूल करतो की जागा देणं ही आपल्याकडे वाईट सवय नाहीये. आम्ही वाढलोच त्या संस्कारात. एसटी स्टँडला लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, सापडेल ते आत टाकायचं आणि जागा धरायची. आता रुमाल टाकल्याने जागा आपली होते हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? पण मानायचे लोक. आणि तीच माणसं पुढच्या थांब्यावर कडेवर लेकरू घेतलेली बाई चढली की न सांगता सरकायचीसुद्धा. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर 'चौथी सीट' असते. ती रेल्वेने दिलेली नाही, प्रवाशांनी आपसात तयार केलेली आहे. अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत. "कुठे उतरणार?" असं विचारून लोक जागेचं आगाऊ बुकिंग करतात, आणि विचारलेला माणूस इमानदारीत स्टेशन सांगतो. सबंध व्यवस्था तोंडी, तरी चालते.

पण ती का चालते? तिथे जागा कोणाचीच नसते म्हणून. तिकीट प्रवासाचं असतं, जागेचं नव्हे. जो आधी आला तो बसला. आज मी सरकलो, उद्या कोणी माझ्यासाठी सरकेल. रोजची गाडी, रोजचीच तोंडं, त्यामुळे हिशोब आपोआप फिटतो. शिवाय ज्याच्यासाठी सरकायचं त्याची अडचण डोळ्यांना दिसत असते. कडेवर मूल, हातात काठी, डोक्यावर गाठोडं. विचारायचीसुद्धा गरज पडत नाही.

विमानात यातलं काहीच नसतं. तिथली सीट ही विकलेली वस्तू आहे. २०१३ साली सरकारने विमान कंपन्यांना आवडीच्या सीटसाठी वेगळे पैसे घ्यायची मुभा दिली. तेव्हापासून खिडकीचा दर वेगळा, पाय पसरायला जागा असलेल्या रांगेचा वेगळा, पुढच्या रांगांचा वेगळा. पैसे भरायचे नसतील तर सिस्टीम देईल तिथे बसा. मग सहा जणांचं कुटुंब सहा रांगांत विखुरलं जातं, आणि विमानात शिरल्या शिरल्या "जरा बदलता का?" हा कार्यक्रम सुरू होतो.

गंमत बघा. सीट विकली कंपनीने, कुटुंब विखुरलं कंपनीच्या सॉफ्टवेअरने, आणि भांडण कोणाचं? तर १४एवाल्याचं आणि २६ईवाल्याचं. आमच्या धंद्यात याला म्हणतात बग प्रॉडक्शनला सोडून देणे आणि युजरांना आपापसात निस्तरायला लावणे. एका बाबतीत सरकारने कान पिळले तेही सांगायला हवं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना बजावलं की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारची सीट द्यायची, आणि तशी नोंद ठेवायची. म्हणजे लहान मुलाला आईशेजारी बसवणं ही आता शेजारच्या प्रवाशाच्या चांगुलपणावर सोडलेली गोष्ट नाही, ती कंपनीची जबाबदारी आहे. तरीही तशी वेळ आलीच तर मी उठेन. तुम्हीही उठाल. त्यात वाद नाही.

वाद उरतो तो बाकीच्या विनंत्यांचा. आणि इथे मला एक जुना प्रयोग आठवतो.

स्टॅन्ली मिलग्रॅम नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. विजेच्या झटक्यांचा तो आज्ञापालनाचा गाजलेला प्रयोग यांचाच. १९७०च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विद्यार्थ्यांना पाठवलं आणि सांगितलं, बसलेल्या अनोळखी माणसासमोर उभं राहायचं आणि काहीही कारण न देता म्हणायचं, "माफ करा, मला तुमची सीट मिळेल का?" किती जणांनी दिली असेल? ६८ टक्के! काही उठले, काही सरकले. न्यूयॉर्कमध्ये, तेही विनाकारण.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या गटाला कारण द्यायला सांगितलं, पण फालतू: "उभं राहून पुस्तक वाचता येत नाही." तर प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. कारण कळल्यावर लोकांना ते तोलून बघता आलं. तिसऱ्या प्रकारात आधी दोघांनी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असं आपसात बोलायचं, की अनोळखी माणसाला सीट मागितली तर चालेल का, आणि मग त्याच माणसाकडे सीट मागायची. तेव्हा जेमतेम ३७ टक्क्यांनी दिली. का? तर विचार करायला काही क्षण मिळाले, "नाही" म्हणायला शब्द जुळवता आले.

म्हणजे एरवी जे "हो" येतं, त्यातलं बरंचसं औदार्य नसतंच. "नाही" वेळेवर न सुचल्याचं ते "हो" असतं. १४सीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या अस्मादिकांनी हा प्रयोग स्वतःवर यशस्वी करून दाखवलेला आहे.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मिलग्रॅमसाहेब स्वतः सीट मागायला गेले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी कसंबसं विचारलं, समोरचा उठला, आणि हे बसल्यावर इतके ओशाळले की आपण खरंच आजारी आहोत असं वागायला लागले. म्हणजे विचारणाऱ्यालाही ते जड जातं. जायलाच हवं. ज्याला अजिबात जड जात नाही, तो विनंती करतच नाहीये, तो नुसतं कळवतोय.

आता माझा मुख्य मुद्दा. त्या गृहस्थांनी आईलाच का विचारलं?

नीट बघा. त्यांना बायकोशेजारी बसायचं होतं. बायको मध्ये. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई. माझी सीट घेतली असती तरी काम झालं असतं. मी तरणाताठा, मार्गिकेवर बसलेलो, उठायला सोपा. पण त्यांनी मला ओलांडून नऊवारी नेसलेल्या, पिशवी छातीशी धरून बसलेल्या, खिडकीबाहेर टकामका बघणाऱ्या बाईला विचारलं. आम्ही मायलेक आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण एक गोष्ट त्यांना न विचारता कळली होती. ही बाई नाही म्हणणार नाही.

ते वाईट माणूस होते असं मला वाटत नाही. बहुतेक हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. आपण सगळेच असं करतो. रेल्वेत साइड अपर गळ्यात आली की लोअरवाल्या एकट्या मुलीला विचारतो, शेजारच्या मिशीवाल्या काकांना नाही. कॉलेजच्या पोराला विचारतो, कारण 'त्याला काय, कुठेही झोपेल'. एकटा माणूस, एकटी बाई, छोट्या गावची वयस्क मंडळी, इंग्रजी न येणारे, पहिल्यांदा विमानात बसलेले. विनंत्या सगळ्या यांच्याकडे घरंगळत येतात, उतारावरच्या पाण्यासारख्या. आणि मग आपणच म्हणतो, "काय साधी माणसं आहेत, लगेच उठली!"

याउलट टोकाचं उदाहरणही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये एका तरुणीने रडणाऱ्या लहान मुलाला खिडकीची सीट द्यायला नकार दिला. ती सीट तिची होती. दुसऱ्या प्रवाशाने तिचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. हेतू होता तिची लाज काढायचा, झालं उलटंच. लाखो लोक तिच्या बाजूने उभे राहिले, एका रात्रीत ती स्टार. मला यातलं काहीच झेपलं नाही. नाही म्हणणं हा गुन्हा नाही, तसा तो पराक्रमही नाही. "नाही हो, ही सीट मला हवी आहे" या साध्या वाक्याला ना शिव्या पडाव्यात ना टाळ्या. समोरच्याने "बरं, हरकत नाही" म्हणून पुढे जावं, इतकंच.

मग करायचं काय? मी आपले स्वतःपुरते चार नियम केलेत.

एक. मागायची तर बरोबरीची किंवा चढती अदलाबदल मागायची. खिडकीच्या बदल्यात खिडकी, मार्गिकेच्या बदल्यात मार्गिका. मधली सीट देऊन खिडकी मागणं म्हणजे शंभराची मोड मागून ऐंशी हातावर ठेवणं. एकत्र बसायचंच असेल, तर आपल्यापैकी चांगली सीट ज्याच्याकडे आहे त्याने ती सोडायची आणि मधल्या सीटच्या शेजाऱ्याला ती द्यायची. मागच्या मधल्या सीटवरचा माणूस आनंदाने पुढे येईल, गॅरंटी!

दोन. कारण सांगायचं आणि सोबत सुटायची वाटही द्यायची. "नाही म्हणालात तरी काही हरकत नाही" हे वाक्य आधी बोलायचं. यात आपलं जातं काय? समोरच्याला ते चार सेकंद मिळतात.

तीन. सर्वांत मऊ माणूस शोधायचा नाही. ज्याला बदल सर्वांत कमी पडेल त्याला विचारायचं. आणि शक्य असेल तर केबिन क्रूमार्फत. तसंही इमर्जन्सी दरवाजाजवळच्या सीटवर कोण बसेल हे ते ठरवतात, आणि छोट्या विमानात वजनाचा तोल सांभाळायला कधीकधी टेकऑफ होईपर्यंत जागा बदलूच देत नाहीत. रेल्वेत टीसी असतो. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायका यांना लोअर बर्थ देण्याची सोय रेल्वेच्या सिस्टीममध्येच आहे (शिल्लक असेल तर), आणि गाडी सुटल्यावर लोअर रिकामा राहिला तर टीसी तो वयस्क माणसाला देऊ शकतो. आधी तिथे विचारायचं. सहप्रवासी हा शेवटचा उपाय.

चार. मला कोणी विचारलं, तर मोठा श्वास घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं: ही सीट मी का घेतली होती? काहीच कारण नसेल तर देऊन टाकायची, खुशीत. रात्रीच्या देवगिरीत एखादे आजोबा माझ्या लोअरकडे बघत उभे असतील तर त्यांना विचारायलाही लावायचं नाही. पण कारण असेल तर नाही म्हणायचं. एकदाच, हसून, खुलासा न देता. गुडघा दुखतो, डॉक्टरांनी सांगितलंय, असल्या थापा मारायच्या नाहीत. किल्ला बघायचाय, हे कारण पुरेसं आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट टोचायला लागली, तीही सांगून टाकतो.

आईला ही सवय कोणी लावली? जालना-संभाजीनगर एसटीत खिडकीशी कोण बसायचं? मी. मामाच्या गावाला जाताना? मी आणि ताई, आळीपाळीने, भांडत. आई मध्ये नाहीतर कडेला, मांडीवर डब्याची पिशवी. तिने खिडकी मागितल्याचं मला आठवत नाही. आम्ही तिला विचारल्याचं तर मुळीच नाही. त्या गृहस्थांनी एकदा "काकू" म्हणून मागितली तरी. आम्ही वीस वर्षं न मागता घेतली.

परतीच्या प्रवासाला मी पुन्हा खिडकीची सीट घेतली. या वेळी मधली माझी, हुशारी बंद. विमानात शिरलो, रांग आली, आणि आई मला म्हणते, "तू बस खिडकीपाशी. तुला आवडते ना."

मी म्हणालो, "नाही. ही तुझी सीट आहे."

"अरे मला काय त्याचं..."

"आई, नाही."

बसली. पट्टा लावला. विमान उठलं तेव्हा तिने कपाळ काचेला टेकवलं ते दोन तास काढलं नाही. चहा नको म्हणाली. बोलली तर अजिबात नाही. उतरताना चिकलठाण्याच्या अलीकडे खाली शेतं, रस्ते, पत्र्याची छपरं दिसायला लागली तेव्हा मी विचारलं, "दिसला का गं किल्ला?"

"काय माहीत बाबा," ती म्हणाली. "एक डोंगर दिसला, तोच असंल. वरून सगळं सारखंच दिसतंय." आणि मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "पण बरं वाटलं."

असो. पुढच्या वेळी "जरा सीट बदलता का?" असं विचारायला तोंड उघडाल तेव्हा समोरच्याकडे एकदा नीट बघा. हा माणूस मला नाही म्हणू शकेल का? उत्तर "हो" असेल तर खुशाल विचारा. उत्तर "नाही" असेल, तर शेजारच्या लॅपटॉपवाल्याला विचारा. तो उठेल. निदान एक तरी यापुढे उठणार आहे.